सावेडीतलं आतिशदान

नगरमध्ये बसून आतिशदानाची, म्हणजे फायरप्लेसची, स्वप्नं बघणारा मी पहिला माणूस नव्हे. माझ्या आधी मौलाना अबुल कलाम आझाद होऊन गेले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि इंग्रजांनी काँग्रेसची कार्यकारिणी उचलून आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवली. नेहरूंनी तिथे बागकाम केलं आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्याच किल्ल्यात आझादांनी 'गुबार-ए-खातिर' लिहिलं, हे मात्र कमी जणांना ठाऊक. ती सगळी पत्रं आहेत. धाडायची सोय नव्हती म्हणून लिहून ठेवली, १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्यातल्या एका पत्रात मौलाना सुखाची आपली कल्पना सांगतात. हिवाळा असावा, तोही पाणी गोठायच्या बेताचा. रात्र असावी. आतिशदानात उंच ज्वाळा उठत असाव्यात. आणि आपण खोलीतल्या साऱ्या गाद्या-तक्के सोडून विस्तवाजवळ जाऊन वाचत-लिहीत बसावं.

कैद्याला कोण आतिशदान देतो? मौलानांची इच्छा राहून गेली. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी ती पुरी करण्याची जबाबदारी सावेडीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या फ्लॅटवर येऊन पडली. म्हणजे तसं मला वाटलं. बाकी कुणालाच वाटलं नाही.

खरी ठिणगी पडली ती मात्र कॅनडातून. आमची कन्या एडमंटनला असते. डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबा, बाहेर उणे तीस आहे." आणि अंगात बघतो तर अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट. तिच्या पाठीमागे भिंतीत छान जाळ पेटलेला. इकडे मी स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्याला माकडटोपी अशा अवस्थेत बाप म्हणून तिला "तब्येतीला जप" असं सांगत होतो. परदेशी लोकांना वाटतं भारतात थंडी नसते. त्यांनी जानेवारीत नगरला यावं. राज्यातल्या नीचांकी तापमानाची यादी छापून आली की निफाड-जळगावच्या पंगतीत आमचं नगर असतंच. पारा आठ-नऊवर उतरला की माळीवाड्यातल्या चहाच्या टपरीवर लोक कुडकुडत, पण अभिमानाने बोलतात. घरं मात्र आम्ही उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधतो. गुळगुळीत फरशी, मोठ्या खिडक्या, डोक्यावर पंखा. सकाळी सहाला त्या फरशीवर अनवाणी पाय टेकवला की आधी देव आठवतो, मग बिल्डर.

"ते विजेवरचं आहे बाबा," कन्या म्हणाली. "नुसता भास." तिकडून एक पाठवतेस का, असं मी विचारून पाहिलं. त्यावर जावई पडद्याच्या कोपऱ्यातून डोकावले आणि अदबीने म्हणाले, की तिकडे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. ते यंत्र नगरला लावलं तर भास राहणार नाही, खरोखरच पेटेल.

म्हणून मी ते इथेच, ऑनलाइन मागवलं. खोक्यातून निघालेली वस्तू समजून घेण्यासारखी होती. आत एक आडवी दांडी, तिच्यावर चकचकीत पत्र्याच्या पात्या. इवलीशी मोटर ती दांडी फिरवते. खालून एलईडीचा उजेड पात्यांवर आदळतो, तिथून उडून पुढच्या दुधी पडद्यावर नाचतो. झाल्या ज्वाळा. पडद्याच्या पायाशी प्लॅस्टिकचे ओंडके, आतून लाल होणारे. ऊब येते ती वेगळ्याच ठिकाणाहून. वरच्या बाजूला तारेचं वेटोळं आणि त्यामागे पंखा. म्हणजे आपला साधा रूम हीटर. थोडक्यात जाळाचा आणि उबेचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांची बटणंसुद्धा निराळी. बायको म्हणाली, "मग नुसता हीटर का नाही आणला?" या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. त्या वेळी मी न्यूयॉर्कचा दाखला दिला. १९६६ च्या नाताळात तिथल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने जळत्या ओंडक्यांचं चित्रीकरण तासन्‌तास दाखवलं होतं, कारण फ्लॅटमधल्या लोकांकडे फायरप्लेस नव्हती, आणि लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. त्या चित्रीकरणात ठिणगी उडून महापौरांच्या निवासस्थानातला उंची गालिचा जळाला, हे मी सांगितलं नाही. आमच्याही हॉलमध्ये गालिचा आहे, तिच्या माहेरचा.

आता नुसतं यंत्र जमिनीवर ठेवलं तर ते बिघडलेल्या टीव्हीसारखं दिसतं. त्याला भोवताली चौकट हवी, वर फळी हवी, फळीवर फोटो आणि पितळी समई हवी. मिस्त्रीला विचारलं. त्याने खिशातून टेप काढली, भिंत मापली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एक आकडा सांगितला. तो आकडा यंत्राच्या किमतीहून मोठा होता. मी आयुष्यभर एका पतसंस्थेचे हिशेब लिहिले. एक रुपया जुळत नाही म्हणून मार्चअखेरीला रात्र-रात्र बसलेला माणूस चार फळ्यांना भिणार होय? मी म्हणालो, "राहू द्या, मी करीन." मिस्त्री म्हणाला, "करा की." त्या दोन शब्दांत किती अनुभव होता, ते मला नंतर कळलं.

प्लायच्या दुकानात गेलो. पाऊण इंची, आठ बाय चारचा शीट. दुकानदाराने विचारलं, "कमर्शियल का मरीन?" मी मरीन घेतला. का, ते विचारू नका. मरीन प्लाय पाण्याला टिकतो आणि मी आगीचं काम काढलं होतं. शीट दुकानातच मशीनवर कापून देतात. मी वहीत आखलेला नकाशा पुढे केला. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, कारण यंत्राच्या माहितीपत्रकात तशी होती. कारागिराने वही उलटीसुलटी करून पाहिली. "साहेब, सुतात सांगा." एका इंचाचे आठ सूत. मिलिमीटरचे इंच, इंचाचे सूत, असा हिशेब मी दुकानाच्या काउंटरवर मांडला आणि दशांशस्थळं दोन्हीकडे सढळ हाताने वाटली. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. रांगेतल्या एकाने विचारलं, "देव्हारा का?" मी हो म्हणालो. भर दुकानात फायरप्लेस म्हणायला जीभ रेटेना.

फळ्या छोट्या हत्तीतून घरी आल्या. शेजारच्या काकांनी जिन्यात विचारलं, "टीव्ही युनिट?" त्यांनाही हो म्हणालो. अजून चौकट उभी राहिली नव्हती आणि तिची दोन बारशी झाली होती.

चौकट उभी केली ती मात्र झोकात. गुण्या लावून कोन तपासले. जो कोन काटकोन निघाला नाही त्याचा दोष गुण्याला दिला. फेव्हिकॉल, वर स्क्रू. प्लायच्या काठावर सरळ स्क्रू घुसवला की त्याचे पदर सुटतात, आधी बारीक बिटने भोक पाडून घ्यावं लागतं, हे ज्ञान मला पदर सुटल्यावर झालं. मग लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला. घरात सगळ्या वस्तूंवर पांढरा थर बसला. आईने देवांनासुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवलं.

पुढच्या फळीत यंत्र बसायला चौकोनी खिडकी कापायची होती. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण या कामाची सगळी मेख त्या खिडकीत आहे. यंत्राच्या तोंडाला चारी बाजूंनी काळ्या पत्र्याचा रुंद काठ असतो. मागचं धूड त्या काठापेक्षा अरुंद. खिडकी कापायची ती मागच्या धुडाच्या मापाने. म्हणजे धूड आत जातं, काठ लाकडावर टेकतो आणि फट झाकली जाते. मी माप घेतलं काठाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सुतासकट बिनचूक. माझ्या नोकरीतही असंच व्हायचं. बेरीज कधी चुकायची नाही, रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडायची.

बायकोने एक बाजू धरली, मी दुसरी. ती म्हणाली, "अहो, पण हे टेकणार कशावर?"

"टेकतं ते. तू सोड."

तिने सोडलं. यंत्र खिडकीतून आत गेलं आणि जातच राहिलं. पाठीमागे भिंतीपर्यंत वीतभर पोकळी होती, तिथे ते आडवं पडलं. आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरून "काय झालं हो?" अशी हाक आली. "काही नाही, बसवलं," मी वरून ओरडलो.

बाहेर काढून सुरू केलं तेव्हा आतल्या दांडीला बाक आला होता. डाव्या अर्ध्यात ज्वाळा उठत होत्या, उजव्या अर्ध्यात जाळ थिजून उभा होता. मी म्हणालो, वाऱ्याची दिशा असेल. खिडकीला आतून लाकडी पट्ट्या मारून ती लहान केली. पट्ट्या झाकायला वरून विटांच्या चित्राचं स्टिकर लावलं. या गावात हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात मातीचा कोट काढून घडीव दगडाचा तट उभा केला. दीड किलोमीटरच्या वर त्याचा घेर आहे, आणि तो अजून उभा आहे. माझ्या विटा दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातून सुटून पुढे झुकलेल्या होत्या.

पेटवण्याचा मुहूर्त रविवारी संध्याकाळी धरला. आईला खुर्ची दिली, बायकोने आल्याचा चहा केला, मी 'गुबार-ए-खातिर' मांडीवर घेऊन बसलो. बटण दाबलं. अर्ध्या ज्वाळा उठल्या. दुसरं बटण दाबलं. गरम वाऱ्याचा झोत आला. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग आईने हात पुढे करून शेकले, तळवे एकमेकांवर चोळले आणि विचारलं, "ह्याची राख कुठं पडते?"

"राख नसते ह्याला, आई."

"मग ह्यात घालायचं काय?"

"काहीच नाही. बसायचं नुसतं."

आई नुकतीच शिर्डीला जाऊन आली होती. द्वारकामाईतली साईबाबांची धुनी बाबांच्या काळापासून आजतागायत विझू दिलेली नाही. त्या धुनीची उदी आमच्या घरात औषधांच्या डब्याशेजारी असते. इकडे अरणगावापाशी मेहेराबादला मेहेरबाबांची धुनी दर महिन्याच्या बारा तारखेला पेटवतात. विस्तवाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला फसवणं अवघड आहे. आई म्हणाली, "तिथं लाकूड लागतं, लाकूड घालणारा माणूस लागतो. ह्याला तर कुणीच लागत नाही." आणि ती उठून आत गेली. तिचं खरं होतं. शेकोटीपाशी माणूस नुसता बसत नाही. काटकी सारतो, फुंकर मारतो, डोळ्यांत धूर गेला म्हणून जागा बदलतो, शेंगांची टरफलं टाकतो, विझत आली की एकमेकांकडे बघतो, कोण उठतंय म्हणून. माझ्या जाळापुढे हातांना कामच नव्हतं. शेवटी मी मोबाइल काढला.

तेवढ्यात वास आला. जाळाचा नाही, जळण्याचा. यंत्र दोन हजार वॉटचं. त्याला २३० ने भागा, जवळजवळ नऊ अँपिअर येतात. मी ते ज्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलं होतं तो मोबाइल चार्ज करायचा, सहा अँपिअरचा. हा भागाकार मी केला, पण बोर्ड वितळल्यावर केला. वायरमन आला. त्याने बोर्ड उचलून नाकाशी धरला, मग माझ्याकडे पाहिलं. जाड पिनांचा पॉवर पॉइंट, मीटरजवळच्या पेटीपासून निराळी जाड वायर, निराळा एमसीबी. भिंतीला नवी चर पडली. शिवाय ऊब सुरू असेल तर तासाला दोन युनिट, हे त्याने जाता जाता सांगितलं. बायकोने ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मग जानेवारीत जामखेडकडचा मामा आला. येताना हुरड्याची कणसं घेऊन आला, पिशवीभर, कोवळी, दाण्यात अजून दूध असलेली. आमच्या भागातली रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की शेतात माणसं जमतात. खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आर करायचा, ती आगटी. त्या आरात कणसं खुपसायची, भाजली की गरम गरम हातावर चोळायची, कूस फुंकून द्यायची आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीसोबत तोंडात टाकायचे. तळवे काळे होतात, ओठ काळे होतात. मामाने हॉलमध्ये पाऊल टाकलं, माझ्या निर्मितीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आरं वा! आगटी केली व्हय घरात!"

मी त्याला समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"लाइटीवर चालती?"

"हो."

"आन् लाइट गेल्यावर?"

"विझते."

"आमची लाइट गेल्यावरच पेटवतो आम्ही," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात टीका नव्हती. दोन पद्धतींतला फरक तो नोंदवत होता.

मी आत पाणी आणायला गेलो. तेवढ्या वेळात मामाने आणि त्याच्यासोबत आलेल्या माझ्या भाच्याने मिळून ऊब कुठून येते याचा शोध लावला, आणि वरच्या झडपेच्या तोंडाशी कणसं ओळीने लावून दिली. पाहुण्याने आणलेला हुरडा पाहुण्यानेच भाजायचा, असा त्याचा रिवाज. मी ग्लास घेऊन बाहेर येतो तर पंखा कण्हत होता, कणसं कोमट झाली होती आणि कूस हॉलभर उडत होती. सोफ्यावर, गालिच्यावर, मौलानांच्या पुस्तकावर. मग टक् असा आवाज होऊन सगळं शांत झालं. हवेची वाट बुजली, आतली उष्णता वाढली की यंत्र स्वतःला बंद करून घेतं, तशी आत सोय असते. मामा म्हणाला, "थंड झाली. गोवरी घाल."

हुरडा शेवटी गॅसवर, जाळीवर भाजला. चव बरी होती.

पुढे कणसं नसतानाही ते टक् होत राहिलं. नाइलाजाने मिस्त्रीला बोलावलं. तो आला, चौकटीपुढे मांडी घालून बसला आणि एखादा वैद्य नाडी धरून बसतो तेवढा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने आतल्या पट्ट्या मोजल्या. विटा नखाने उचकटून पाहिल्या. मागे हात घातला.

"पाठीमागून हवा कुठून घेतंय हे?"

मागची बाजू मी फळी लावून, फटी लांबीने भरून, ठोकून भक्कम केली होती. त्या एका फळीचा मला सर्वांत जास्त अभिमान होता.

"ह्याला भोकं पाडायला लागतील," तो म्हणाला. "खाली ओळीने, वर ओळीने. श्वास घ्यायला नको का त्याला?" त्याने भोकं पाडली, दांडीचा बाक काढला, पट्ट्या उखडून नीट बसवल्या, विटांचं स्टिकर ओरबाडून फेकलं आणि सागाचं व्हिनिअर लावलं. सगळं झाल्यावर मजुरी सांगितली. ती त्याने आधी सांगितलेल्या आकड्याइतकीच होती. वर हात जोडून म्हणाला, "साहेब, एक विनंती. हे मी केलंय असं कुणाला सांगू नका."

काम पुरं झालं तेव्हा महाशिवरात्र होऊन गेली होती. आमच्याकडे म्हणतात, थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. ती गेलीच. आता दोन्ही बाजूंना सारख्या ज्वाळा उठत होत्या आणि घरात पंखा चार नंबरवर होता. पण जाळाचं बटण निराळं, उबेचं निराळं, हा या यंत्राचा गुण तेव्हा कामी आला. एप्रिलमध्ये पारा चाळिसाच्या वर गेला. खिडकीत कूलर घरघरत होता, आई ताकाचा पेला घेऊन बसली होती, आणि समोर बिनउबेचे ओंडके लालभडक पेटले होते. "आता बरी दिसती," आई म्हणाली. एडमंटनहून कन्येने कॉल केला. तिकडे बर्फ वितळायला लागलं होतं. तिची फायरप्लेस बंद होती.

मे महिन्यात एका दुपारी मिस्त्रीचा फोन आला. गुलमोहर रोडला एका बंगल्याचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि मालकाला हॉलमध्ये विजेवरची फायरप्लेस हवी होती. "साहेब, तुमच्याकडची नापं जरा सांगता का? तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून म्हटलं."

मी टेप घेतली, खुर्ची ओढली आणि एकेक माप सावकाश सांगितलं, सुतात. खिडकीचं माप मागच्या धुडाचं घ्या, काठाचं नव्हे, हेही बजावलं. शेवटी म्हणालो, "आणि मिस्त्री, मागच्या फळीला भोकं ठेवायला विसरू नका. हवा खेळायला हवी."

पलीकडे थोडी शांतता झाली. मग तो म्हणाला, "बरं झालं साहेब, सांगितलंत."